लोगोत पान हवंय? आधी कुठलं पान ते ठरवा

कुठल्याही कृषी प्रदर्शनात सेंद्रिय मालाच्या स्टॉलवरून एक फेरी मारा. हिरवं वर्तुळ, त्यात दोन पानं, एक मोठं एक लहान, खाली गोलसर अक्षरांत नाव. गूळ असो, तांदूळ असो, साबण असो की गांडूळखत, पानं तीच. काही ठिकाणी पानांऐवजी तळहातावर उगवलेलं रोप. मालकाला विचारलं तर म्हणतो, "आपलं सगळं नॅचरल आहे ना, म्हणून पान घेतलं." शेजारच्यानेही त्याच कारणासाठी तेच घेतलेलं असतं, आणि घरी गेलेल्या गिऱ्हाइकाला मात्र माल कोणाकडून घेतला तेच आठवत नाही.

निसर्गातलं चित्र घ्यायला हरकत काहीच नाही. झाड, पक्षी, डोंगर माणसाला अक्षरांच्या आधी ओळखू येतात. वाचता येणाऱ्याला आणि न येणाऱ्यालाही. घोळ होतो तो 'निसर्ग' असा मोघम घेतल्यावर. रातांब्याचं (म्हणजे कोकमाचं) पान, आपट्याचं पान, विड्याचं पान ही तीन वेगळी चित्रं आहेत, आणि नुसतं 'पान' हे चौथं, जे कोणाचंच नाही. खाली सांगितलेली सगळी पद्धत ह्या एका गोष्टीवर उभी आहे. सोयीसाठी एक उदाहरण धरू: सिंधुदुर्गातलं एक कुटुंब परड्यातल्या, म्हणजे घरामागच्या बागेतल्या, रातांब्यांपासून सरबत, आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) आणि आमसुलं करतं. आजवर माल ओळखीपाळखीत जायचा. आता बाटलीवर नाव घालून पुण्या-मुंबईला पाठवायचा आहे.

## चित्राकडून काय काम करून घ्यायचं?

कागदावर एक वाक्य लिहा: "हे चित्र बघून गिऱ्हाइकाला अमुक एक गोष्ट कळली पाहिजे." गोष्ट एकच. हे वाक्य जमेपर्यंत पेन्सिल हातात घेऊ नका आणि डिझायनरला फोनही करू नका.

लोगोतल्या निसर्गचित्राकडून साधारण तीन कामं घेता येतात. एक, माल कशाचा आहे ते सांगणं: कोकमाच्या बाटलीवर कोकम. दुसरं, गुण सांगणं. पुमा ही १९४८ साली जर्मनीत सुरू झालेली बुटांची कंपनी. तिचा झेप घेणारा प्राणी बुटाबद्दल काहीच सांगत नाही, चपळाईबद्दल सांगतो. तिसरं काम, आपण कुठून आलो ते सांगणं. शेल ह्या तेल कंपनीचा शिंपला ह्या जातीचा आहे. तिच्या मुळाशी असलेलं लंडनचं सॅम्युएल कुटुंब आधी समुद्री शिंपल्यांचा व्यापार करायचं. धंदा रॉकेलकडे वळला तरी शिंपल्याचं नाव राहिलं. १९०४ पासून पंख्यासारख्या रेघांचा शिंपला त्यांचं चिन्ह आहे आणि त्याचं आजचं रूप रेमंड लोवी ह्यांनी १९७१ साली दिलं. पेट्रोलचा आणि शिंपल्याचा संबंध काय, असं विचारलं तर काहीच नाही. म्हणून तर तो दुसऱ्या कोणाकडे नाही.

लहान उद्योग बहुतेक वेळा पहिल्या कामावरच थांबतात. माझ्या मते ते सगळ्यात कमजोर आहे, कारण तोच माल विकणाऱ्या प्रत्येकाला तेच चित्र सुचतं. आपल्या कोकमवाल्या कुटुंबाने तिसऱ्या कामाचा विचार करावा. परडं व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला आहे का? झाडं कोणी लावली? आमसुलं करताना साल रसात बुडवून उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा टाकायची, ही रीत घरात कोण सांभाळतं? असं सगळं लिहून काढा. त्यातून चित्र निघालं तर उत्तम. नाही निघालं तर पहिल्या कामाकडे परत यायचं, पण मग पुढची निरीक्षणाची पायरी दुप्पट नेटाने करायची.

इथेच एक मोह आवरावा लागतो. आंबा, काजू, माड, होडी, समुद्र आणि वर सूर्य असं सगळं एका गोलात बसवून मागणारे खूप असतात. ते लेबलवरचं सजावटीचं चित्र झालं. लेबलवर ते छान दिसेल, जरूर काढून घ्या. लोगोत एकच वस्तू राहू द्या.

## बाजारात काय आहे, त्याची बंदी-यादी

मोबाइल घेऊन दुकानात जा आणि आपल्या मालाच्या फडताळाचे फोटो काढा. ऑनलाइन दुकानांत आपल्या मालाचं नाव टाकून पहिल्या काही पानांचे स्क्रीनशॉट घ्या. सगळे एका कागदावर छापा आणि जे चित्र दोनदा दिसेल ते यादीत टाका. कोकम सरबतासाठी ही यादी अशी काहीशी होते: बर्फ घातलेला ग्लास, लाल शिंतोडा, अर्धं कापलेलं फळ आणि त्यामागे दोन पानं. मधासाठी षटकोन, ओघळणारा थेंब आणि हसरी माशी. योगवर्गाला कमळ. घरं बांधणाऱ्याला छपरातून उगवलेलं पान. ही झाली तुमची बंदी-यादी. डिझायनरला कामाची माहिती देताना तिची प्रतही द्या. 'मला काय नको' हे कळल्यावर त्याचं काम निम्मं सोपं होतं.

दुसरा शोध ट्रेडमार्कचा. तो लोगो तयार झाल्यावर करायची पद्धत आहे, पण कल्पना कच्ची असतानाच केलेला बरा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. नावाने शोधता येतं तसं चित्राच्या प्रकारानेही येतं. त्यासाठी व्हिएन्ना कोड नावाची आंतरराष्ट्रीय वर्गवारी वापरतात. त्यात तिसरा गट प्राण्यांचा, पाचवा वनस्पतींचा. पाचव्यात झाडं ५.१, पानं ५.३, फुलं ५.५, धान्य-बिया-फळं ५.७ अशी पोटविभागणी आहे. डोंगर ६.१ मध्ये, सूर्य १.३ मध्ये. त्यासोबत मालाचा वर्ग द्यायचा. एकूण वर्ग ४५, त्यांतले ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. सरबत वर्ग ३२ मध्ये येतं, वाळवलेली आमसुलं २९ मध्ये, मध आणि मसाले ३० मध्ये, ताजी फळं आणि रोपवाटिकेतली रोपं ३१ मध्ये, होमस्टे ४३ मध्ये. पानांचा कोड आणि खाण्याच्या मालाचा वर्ग घालून एकदा शोधून बघा. समोर येणारी रांग बघितली की 'आपणही पानच घेऊ' हा आग्रह आपोआप गळतो.

## वस्तू हातात घ्या

बहुतेक लोगो इथेच फसतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

नेटवर 'कोकम फळ' शोधून सापडलेल्या चित्रावरून लोगो काढू नका. स्टॉक चित्रांत कोकम आणि मँगोस्टीन ह्या दोन चुलत भावंडांची गल्लत सर्रास असते. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. पिकलेलं फळ हातात घ्या. लिंबाएवढं, गोल, गडद लाल ते जांभळट. देठाशी चार छोटी दलं चिकटून राहिलेली. पानं लांबट, टोकदार, वरून गर्द हिरवी आणि खालून फिकी, कोवळी असताना तांबूस. झाड लांबून बघितलं तर शंकूसारखं, खाली झुकलेल्या फांद्यांचं. आता फळ आडवं कापा. उभं नव्हे, आडवं. मधल्या पांढुरक्या गरात पाच ते आठ बिया गोलाकार मांडलेल्या दिसतील आणि भोवती जाड लाल सालीचं कडं. एक चक्र तयार आहे तुमच्यासमोर. बाटलीवरच्या चित्रांत फळ नेहमी अख्खं किंवा उभं अर्धं असतं. हा आडवा छेद क्वचितच कोणी घेतो. शिवाय गोल आकार असल्याने झाकणावर, शिक्क्यावर, व्हॉट्सॲपच्या डीपीवर आपोआप बसतो. आतला गर काढून घेतलेली सालीची वाटी ही आणखी एक शक्यता. आमसुलं करणाऱ्या घराला ती जास्त जवळची वाटेल.

असंच डोंगराचं. ट्रेकिंग कंपन्या, कृषी पर्यटन केंद्रं, दुधाचे ब्रँड ह्यांच्या लोगोत दोन अणकुचीदार त्रिकोण असतात, आणि पुष्कळदा त्यांच्या टोकाला पांढरी टोपी. बर्फ! सह्याद्रीत बर्फ पडत नाही आणि त्याची शिखरं अशी त्रिकोणीही नसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून हा प्रदेश घडला. म्हणून आपल्या डोंगरांना सपाट माथा असतो, खाली सरळ कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. मध्येच एखादा सुळका अंगठ्यासारखा उभा. ही पायऱ्या-पायऱ्यांची बाह्यरेषा तीन-चार आडव्या-उभ्या रेघांत पकडता येते, आणि घाटात वाढलेल्या माणसाला ती बघताक्षणी आपली वाटते. त्यातही अमुक एक डोंगर घ्या. तुमच्या गोठ्यासमोरून जो दिसतो त्याचा संध्याकाळी, उजेड मागून येत असताना फोटो काढा. डोंगर काळा होतो, बाह्यरेषा स्वच्छ मिळते, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवता येतं.

समुद्रातून वर येणारा सूर्य हा कोकणातल्या होमस्टेंचा लाडका विषय. एका मालकांना मी म्हटलं, "काका, आपला किनारा पश्चिमेला आहे. समुद्रावर सूर्य मावळतो." ते म्हणाले, "पण पाहुणे सकाळीच उठून बीचवर जातात हो." जाऊ देत, सूर्य तेव्हा त्यांच्या पाठीमागून, माडांच्या आडून येतो. हॉटेलचं नाव 'पहाट' असेल तर समुद्र काढा आणि माड ठेवा. समुद्र हवाच असेल तर संध्याकाळचं नाव शोधा. शहरातल्या पाहुण्याला फरक कळणार नाही असं समजू नका. कोणीतरी एक जण हटकून विचारतो, आणि फोटोखाली विचारतो.

काजूची बी बोंडूच्या (काजूच्या रसाळ फळाच्या) आत नसते, खाली बाहेर लटकते. चित्रात ती फळाच्या पोटात घातलेली मी बघितली आहे. मधाच्या बाबतीत तर चित्रातली माशी बहुधा परदेशी स्टॉकमधली, अर्धी गांधीलमाशीच. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी ह्या वेगवेगळ्या माश्या आहेत आणि त्यांची पोळीही वेगळी. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत अनेक पोळी शेजारी-शेजारी बांधते, आग्याचं एकच मोठं पोळं उंच फांदीखाली किंवा कड्याखाली अर्धगोल लटकतं, फुलोरीचं छोटंसं पोळं बारीक फांदीला धरून असतं. जंगलातला मध विकणाऱ्याला तो लटकता अर्धगोल मिळाला तर षटकोनाची गरज काय? अर्थात बाटलीत मध आग्याचा असेल तरच.

फुलंही अशीच बघावीत. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. पाकळ्या साधारण सहा, कडा चुरगळलेल्या आणि खालचं टोक देठासारखं बारीक. ह्या चुण्या काढल्या नाहीत तर ते कुठलंही फूल होतं.

निरीक्षणाचा शेवट रेखाटनांनी करा. तुम्हाला चित्रकला येत नसली तरी काढा. एकच वस्तू वरून, बाजूने, कापून, अर्धी सोलून, उलटी धरून. ही पानं डिझायनरला द्या. तुमची रेघ वाकडी असेल, पण तुम्हाला त्या वस्तूत काय महत्त्वाचं वाटतं ते त्याला त्यातून कळेल.

## रेखाटनातून आकार

आता कमी करायचं. चांगल्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि तपशील एकेक करून गाळत नवी प्रत काढा. कोकमाच्या छेदात आधी गराचं पोत जाईल, मग बियांवरच्या छटा, मग सालीची जाडी एकसारखी होईल, मग बिया आठाच्या सहा होतील. एका प्रतीत असं होईल की ती वस्तू ओळखूच येणार नाही. नुसतं फूल किंवा गाडीचं चाक वाटेल. तिथून एक पाऊल मागे या. बहुतेकदा लोगो त्याच प्रतीत असतो.

मागे येताना कुठला तपशील परत आणायचा, ही खरी कसोटी. ॲपल कंपनीचं उदाहरण ह्यासाठी शिकण्यासारखं आहे. १९७६ मधला त्यांचा पहिला लोगो म्हणजे झाडाखाली बसलेल्या न्यूटनचं बारीक रेघांचं चित्र. छोट्या आकारात त्यातलं काही दिसत नसे. १९७७ साली रॉब जॅनॉफ ह्यांनी त्याजागी नुसतं सफरचंद काढलं आणि त्याला एक चावा घातला. चाव्याभोवती नंतर पुष्कळ दंतकथा जमल्या, पण त्यांनी सांगितलेलं कारण साधं आहे: चाव्यामुळे फळाचा आकार कळतो, नाहीतर ते चेरी वाटलं असतं. कोकमालाही तोच धोका आहे. गोल लाल फळ म्हणजे चेरी, सफरचंद, टोमॅटो, काहीही. त्याला कोकम करणारा तपशील एकतर देठाजवळची चार दलं किंवा आडवा छेद. ह्यांतला एक असेल तर बाकी सगळं गाळा.

रिकामी जागाही वापरता येते. जागतिक वन्यजीव निधीचा पांडा १९६१ पासूनचा, पीटर स्कॉट ह्यांनी काढलेला. काळ्या-पांढऱ्या प्राण्याची निवड करताना छपाईचा खर्च वाचतो हाही विचार होता. आजच्या रूपात पांडाच्या डोक्याची आणि पाठीची रेघच नाही. कागदाचा पांढरा रंग तिथे काम करतो आणि डोळा ती रेघ स्वतः पूर्ण करतो. आपल्या छेदातही बिया काळ्या भरल्या आणि गर कागदाचा ठेवला, तर भोवतीचं कडं कुठेतरी तुटलेलं चालेल.

हे सगळं काळ्या रंगातच करा. काळ्यात जमलेलं चिन्ह पुढे कुठल्याही रंगात जमतं. छटा, सावली, चकाकी हे सगळं लपवाछपवीचं सामान आहे, त्यात कच्चा आकारही देखणा दिसतो.

भूमितीने काढायचं की हाताच्या रेघेने? बँक किंवा सॉफ्टवेअरवाल्याला वर्तुळं आणि कंस शोभतात. घरगुती खाद्यपदार्थाला थोडी हलती रेघ बरी वाटते, पण ती जाड हवी. आणि वारली शैली घ्यायचीच असेल तर वारली चित्रकाराकडून काढून घ्या, त्याला रीतसर पैसे द्या. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या कलेला किंवा मालाला मिळणारं कायदेशीर संरक्षण) आहे. त्रिकोणी अंगाची चार माणसं कॉपी-पेस्ट करून गोल फिरवली की वारली झालं, हा समज आता पुरे.

## नावाची अक्षरं

समजा नाव 'रातांबा' आहे. (हे नाव उदाहरणापुरतंच, मालाचंच नाव ब्रँडला दिलं तर कायद्यात ते कच्चं ठरतं, त्याबद्दल खाली.) देवनागरीत चित्र घुसवायला जागा भरपूर: अनुस्वार, वेलांटी, रफार, काना. 'तां'वरच्या टिंबाचं फळ करायचा मोह कोणालाही होईल. करून बघा, पण दोन अटींवर. चित्र बाजूला वेगळं असेल तर अक्षरात पुन्हा चित्र नको. आणि टिंबाचं फळ केल्यावर ते टिंब म्हणून वाचता आलं पाहिजे. पानं लावून मोठं केलं की लोक 'राताबा' वाचतात. शिरोरेषेची फांदी करून तिला पालवी फोडणं हे मात्र इतकं वापरून झालंय की सरळ बंदी-यादीत टाका.

मराठीसाठी एक तांत्रिक गोष्ट. बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मराठीतला पाकळीवाला ल आणि देठवाला श हवा असेल तर मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी लागते किंवा मराठी रूपं असलेला फॉन्ट घ्यावा लागतो. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचे मुक्त, बलू असे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात, व्यावसायिक कामालाही चालतात. पण फॉन्ट निवडला म्हणजे अक्षरं झाली असं नाही. दोन अक्षरांतली अंतरं हाताने सारखी करावी लागतात. चिन्हाच्या रेघेची जाडी आणि अक्षराच्या उभ्या दांड्याची जाडी जुळते का, तेही बघा. ती जुळली नाही तर चित्र एकीकडे आणि नाव दुसरीकडे पडल्यासारखं वाटतं.

## रंग आता

आत्तापर्यंत रंगाचं नाव काढलं नाही ते मुद्दाम. निसर्ग म्हणजे हिरवा हे समीकरण ज्याच्या-त्याच्या डोक्यात इतकं घट्ट आहे की रंग आधी ठरवला तर आकारही पानाकडे सरकतो. कोकमाकडे स्वतःचे रंग आहेत: फळाचा गडद लाल, सरबताचा राणी-किरमिजी, सोलकढीचा फिका गुलाबी, आमसुलाचा जवळजवळ काळा. ह्यांतले दोन निवडले की काम झालं. छपाईच्या चार शाईंपैकी एक मॅजेंटा असल्याने किरमिजीच्या आसपासचे रंग कागदावर चांगले उतरतात. मोबाइलवर चमकणारा पोपटी मात्र छापल्यावर मळकट होतो, आणि तपकिरी क्राफ्ट कागदावर तर ओळखू येत नाही. रंग ठरला की त्याचे छपाईचे आणि स्क्रीनचे आकडे लिहून ठेवा. "मागच्यासारखाच लाल" असं सांगितलं की प्रत्येक छापखाना वेगळा लाल देतो.

खाद्यपदार्थ असेल तर आणखी एक गोष्ट. पाकिटावर शाकाहारी मालासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका कायद्याने लागतो. प्रमाणित सेंद्रिय मालासाठी वेगळं सरकारी चिन्ह आहे. तुमचा लोगो हिरवा, गोल आणि पान असलेला असेल तर तो ह्या सरकारी चिन्हांच्या गर्दीत हरवतो, आणि प्रमाणपत्र नसताना ते असल्याचा भास झाला तर प्रकरण अंगाशीही येऊ शकतं. पर्यावरणाबद्दल दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात शब्दांसोबत फसवी चिन्हं आणि चित्रंही धरली आहेत. नुसता हिरवा रंग गुन्हा नाही, त्यातून खोटा दावा उभा राहायला नको.

## लोगोचा छळ

आवडलेल्या नमुन्यांतले दोन-तीन घ्या आणि त्यांचे हाल करा. ब्राउझरच्या टॅबवरचं चिन्ह १६ बाय १६ पिक्सेलचं असतं. तेवढं करून बघा. व्हॉट्सॲपचा डीपी गोल कापला जातो, त्यात कोपरे जातात का? प्लास्टिकच्या बाटलीचं नेहमीचं झाकण २८ मिलिमीटरच्या आसपास, त्यावर छापा. रबरी शिक्का करून वहीवर मारा, बारीक जागा शाईने भरून जातात का बघा. दुकानातला थर्मल प्रिंटर फक्त काळे ठिपके मारतो, करडा रंग त्याला माहीत नाही. बिलावर लोगो कसा येतो? झेरॉक्सची झेरॉक्स काढा. फलक रस्त्यालगत लावणार असाल तर प्रिंट भिंतीला चिकटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे किलकिले करा.

माणसांवर चाचणी करताना "कसा वाटला?" असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. चित्र काही सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: "काय होतं?" कोकणाबाहेरचा माणूस 'कोकम' म्हणणार नाही, 'कापलेलं फळ' म्हणाला तरी पुरे. 'विषाणू' म्हणाला तर मात्र बियांची टोकं गोल करा. दुसऱ्या दिवशी त्यालाच आठवणीने काढायला सांगा. कागदावर जे उमटेल तेच लोगोतलं टिकाऊ, बाकीचं अजूनही गाळता येईल.

## नोंदणी आणि हक्क

ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे मालाचं नुसतं वर्णन करणारं चिन्ह सहसा नाकारलं जातं. म्हणून संगणकावर सफरचंद बळकट आणि सफरचंदाच्या पेटीवर तेच दुबळं. कोकमाच्या बाटलीवर कोकमाचं सरधोपट चित्र घेऊन गेलात तर आक्षेप येण्याची शक्यता मोठी. वेगळ्या पद्धतीने बांधलेलं चिन्ह आणि न वर्णन करणारं नाव असेल तर बाजू भक्कम होते. निरीक्षणावर एवढा वेळ घालवल्याचा हा रोख फायदा. नावात 'सिंधुदुर्ग' आणि 'कोकम' एकत्र घालायचं असेल तर आधी हे लक्षात घ्या की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेणं शहाणपणाचं.

अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असल्यास एका वर्गाला ४,५०० रुपये सरकारी शुल्क, इतरांना ९,०००. चिन्ह काळ्या-पांढऱ्यात दाखल करा: रंगाची मर्यादा न घालता नोंदलेलं चिन्ह कलम १० प्रमाणे सगळ्या रंगांसाठी नोंदलेलं धरतात. अर्ज स्वीकारला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि चार महिने कोणालाही विरोध करता येतो. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लिहायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावलं तर कायद्याने दंड होतो.

चित्र कोणाचं, हा प्रश्न ह्याहून जास्त वेळा राहून जातो. तयार टेम्प्लेटच्या ॲपमधली पानं-फुलं वापरून केलेला लोगो सहसा ट्रेडमार्क करता येत नाही, कारण ती चित्रं त्या ॲपच्या सगळ्या ग्राहकांना खुली असतात. परवान्याच्या अटींत तसं लिहिलेलंही असतं, वाचा. बाहेरच्या डिझायनरकडून काम करून घेतलं तर पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपल्याकडे आले असं गृहीत धरू नका. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईच्या मराठी दुकानात बाटली पाठवायचं मनात असेल तर करारात 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी' हे शब्द घालून घ्या. शेवटचा हप्ता देताना करारासोबत मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी), एसव्हीजी, पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी, काळी, पांढरी आणि रंगीत अशा तिन्ही रूपांत ताब्यात घ्या. नुसती जेपीजी मिळाली तर उरलेले पैसे खिशातच ठेवा.